दारामागच्या रेघा

माझे घरमालक बांधकामाच्या वाळूला हात जोडायचे. जळगावात काही कामाला आले आणि रस्त्यात कुठे इमारत उभी राहत असली, की चालता चालता थबकायचे, ढिगासमोर चप्पल काढायचे, आणि वॉचमन "काय करता बाबा" म्हणेपर्यंत चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून मोकळे व्हायचे. मग माझ्याकडे वळून निकाल द्यायचे. "हाई तापीनी शे." नाहीतर, "हाई पांझरानी. बारीक शे, दातमा बसस." पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी चार पावलं मागे सरकून, हा माणूस माझ्याबरोबर नाहीच, अशा चेहऱ्याने पानाच्या टपरीकडे बघत उभा राहिलो होतो. नवी नोकरी, शाळामास्तर माणूस, ओळखीच्या कोणी पाहिलं तर काय म्हणेल, ही माझी चिंता.

त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. मीही नानाच म्हणायचो. गिरणेच्या काठी त्यांचं घर होतं आणि त्याची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. मी धुळ्याचा. शनिवारी दुपारी शाळा सुटली की एसटी पकडून घरी पळायचो, सोमवारी सकाळी परत. गाव मला फारसं आवडलं नव्हतं. नाना तर पहिल्या आठवड्यात अजिबातच आवडले नव्हते, कारण ते न्हाणीच्या बाहेर उभं राहून मी किती तांबे अंगावर घेतो ते मोजायचे.

मोजायचे म्हणजे मोठ्याने मोजायचे. सात, आठ, नऊ. दहाव्याला खाकरायचे. अंघोळीचं पाणी लिंबाच्या आळ्यात गेलं पाहिजे, डाळ धुतलेलं पाणी गाईला, आणि चूळ भरायची तर मोरीत नाही, तुळशीपासून हातभर लांब, गवती चहाच्या बुडाशी. एकदा मी चुकून ओसरीच्या कडेला पेला रिकामा केला. नानांनी काही बोलण्याऐवजी त्या ओल्या डागाकडे तो सुकेपर्यंत बघत राहायचं ठरवलं. मला त्या दिवशी चहासुद्धा गोड लागला नाही.

दारामागच्या रेघा मला दिसल्या त्या खोली झाडताना. दार भिंतीला टेकलेलंच असायचं, म्हणून महिनाभर लक्षच गेलं नव्हतं. दार ओढलं तर मागच्या चुन्याच्या भिंतीवर गेरूने ओढलेल्या आडव्या रेघा. सगळ्यात खालची माझ्या घोट्याशी, मग एकेक वर चढत गेलेल्या, सगळ्यात वरची माझ्या छातीला लागणारी. आपण मुलांची उंची भिंतीवर मोजून ठेवतो तशाच. नानांची एकच मुलगी, ती चोपड्याला दिलेली, तिला गावात सगळे अक्का म्हणत. मग हा मुलगा कोण आणि कुठे आहे? मला वाटलं, गेला असावा बिचारा. म्हणून मी जरा हळुवारपणे विचारलं, "नाना, भिंतीवर कोणाची उंची लिहिलीय? मुलगा होता का तुम्हाला?"

"पोर नही सर," नाना म्हणाले. "झिरा शे हाऊ."

झिरा म्हणजे नदीच्या कोरड्या वाळूत हाताने उकरलेला खड्डा. उन्हाळ्यात गिरणा वरून आटली तरी वाळूच्या आत पाणी राहायचं. उकरलं की तळाशी ते झिरपत झिरपत जमायचं, वाटीने काढायचं आणि हंडा भरायचा. त्या रेघा झिऱ्याच्या होत्या. दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी नाना एकाच जागी, देवळासमोरच्या वाकणावर, म्हणजे नदीच्या वळणावर, झिरा खणायचे आणि पाणी किती खोल लागलं ते आपल्या हाताने मोजून, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात, घरी येऊन जमिनीपासून वर तेवढ्याच उंचीवर रेघ ओढायचे. वर चढत चाललेलं ते पोर म्हणजे खाली खाली जाणारी नदी होती. आणि मी त्याच भिंतीला उशी टेकून महिनाभर झोपत होतो.

"टेपने का मोजत नाही?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"टेप दुकानमा भेटस. हात देवनी दिधा."

आखाजीला खानदेशात पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यात पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी. इतर लोक नळाचं पाणी भरायचे, विहिरीचं भरायचे. नानांना झिऱ्याचंच लागायचं. त्याचं कारण त्यांचे वडील, आबा. आबा उन्हाळ्यात याच वाळूत डांगराच्या वाड्या लावायचे आणि जन्मभर झिऱ्याचंच पाणी प्यायले. शेवटच्या आजारात त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, तर तिथलं पाणी त्यांनी तोंडात घेतलं आणि थुंकलं. दोन दिवस घोट घेईनात. नाना बसने गावी आले, झिरा खणला, कळशी भरली, तिच्या तोंडाला फडकं बांधून ती मांडीवर घेऊन परत धुळ्याला गेले. पोचले तेव्हा आबा गेलेले होते.

"आबा तहानेला गया सर," नाना म्हणाले होते. "मंग वरीसमा एक डाव तरी त्याले त्यानं पानी द्यायले पाहिजे ना?"

इतकं साधं होतं ते. वर्षातून एकदा बापाला त्याच्या चवीचं पाणी मिळावं, एवढ्यासाठी या माणसाची सगळी मोजामोजी चालली होती. मी मात्र त्यांना विक्षिप्त म्हातारा समजून स्टाफरूममध्ये त्यांच्या नकला करून दाखवायचो, आणि चांगल्या करायचो.

त्या भिंतीवर नदीचा इतिहास वाचता यायचा, फक्त नाना शेजारी पाहिजेत. रेघा सारख्या अंतरावर नव्हत्या. काही वर्षं बोटबोट चढायच्या आणि मधेच एकदम वीतभर उडी मारायच्या. नाना त्या उड्यांवर बोट ठेवून सांगायचे. वर धरण झालं आणि नदी वाहायची बंद झाली, सोडलं तरच पाणी, ती ही उडी. गावात वीज आली आणि काठाकाठाने मोटारी बसल्या, ती ती. पूल झाला, रस्ता झाला, वाळूचे ट्रॅक्टर उतरायला लागले, ती त्याच्या वरची. पण धरण आणि मोटारींच्या मधे आणखी एक उडी होती. तिच्यावर बोट ठेवून ते थांबले.

"हाई मनी शे."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की या वाकणावर पाणी खेचायचं पहिलं डिझेल इंजिन त्यांनीच बसवलं होतं. केळी लावली होती. लोक इंजिनाला हार घालायला आले होते, पेढे वाटले होते. त्या वर्षीच्या आखाजीला झिरा एकदम खाली गेला. आणखी दोन आखाज्या त्यांनी बघितलं, मग इंजिन काढून ठेवलं, केळीचे कंद उपटले आणि दादर पेरली. आजूबाजूला केळीचे बाग डोलत असताना पाण्याच्या काठी ज्वारी पेरणाऱ्या माणसाला गावाने वेडा ठरवलं, तेव्हापासून ते वेडेच राहिले. बाकीच्यांच्या मोटारी काही थांबल्या नाहीत. पण आपली रेघ आपली म्हणून सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. अजूनही दुसरा पाहिलेला नाही.

एकदा ते माझ्याबरोबर धुळ्याला आले. आमच्या घरावर मजला चढत होता. आईने चहा टाकला, वडील कौतुकाने वर घेऊन गेले, आणि नानांनी प्लास्टर न केलेल्या भिंतीतून नखाने चिमूट काढून तोंडात टाकली. वडील माझ्याकडे बघायला लागले. मी डोळ्यांनीच खूण केली की असू द्या.

"हाई तर आमनी शे," नाना म्हणाले. "वाकननी शे. देवळाजोडली."

तोपर्यंत मी हसत होतो. त्यानंतर हसू आलं नाही. वडिलांनी वाळू टाकणाऱ्या बिल्टीवाल्याला फोन लावून विचारलं, तर ती खरंच नानांच्या गावच्या घाटावरची निघाली. म्हणजे माझा बाप मजला चढवत होता आणि त्यासाठी माझ्या घरमालकाच्या बापाचं पाणी ट्रॅक्टरने धुळ्याला येत होतं. नानांनी भिंतीवर तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि वडिलांना म्हणाले, "सांभाळी वापरजा दादा. दूरतून येल शे."  वडिलांनी नानांना आणखी एक कप चहा दिला.

त्या दिवसापासून मी त्यांची नक्कल करणं सोडलं आणि त्यांच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. पुढचं सगळं त्या चांगल्या ठरावामुळे झालं.

नानांचं म्हणणं एकच होतं. देवळासमोरचं ते वाकण तरी सोडा. तिथे वाळू सगळ्यात जाड आहे, तिच्यात साठलेल्या पाण्यावर गावची पिण्याची विहीर जगते आणि आबांचा झिराही. हे ते वर्षानुवर्षं तोंडाने सांगत होते, ग्रामसभेत, कचेरीत, बसमध्ये शेजारी बसेल त्याला. कोणी मनावर घेत नव्हतं. एके दिवशी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"सर, तुमनं अक्षर चांगलं शे. कागद लिखा. तोंडी सांगेल कोनी ऐकस नही. कागद वाचतस."

मी म्हटलं, नुसता अर्ज नको, नकाशा जोडू. वाळू कुठे किती जाड आहे ते आकड्यांत दाखवू. मग नाकारता येणार नाही. हे मी सुचवलं. नानांनी नाही.

आखाजी होऊन गेली होती, त्या वर्षीची छातीशी लागणारी रेघ भिंतीवर ताजी होती, आणि पावसाळ्याला थोडे दिवस बाकी होते. नानांकडे एक लांब सळई होती, दर हातावर लाल दोरा बांधलेली. रोज सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघं नदीत उतरायचो. ते सळई उभी धरायचे, मी हातोडा मारायचो. वाळू संपून खडक लागला की सळई टणकन वाजायची आणि नाना दोरे मोजून आकडा सांगायचे. पाच हात. साडेपाच. देवळासमोर सात. सात आलं की ते खुशीत मान हलवायचे, पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखी. माझ्या तळहाताला फोड आले. पण सांगतो, नोकरीत मी इतकं मन लावून काही केलं नव्हतं.

मग मी नकाशा काढला. पूर्ण ड्रॉइंग शीटवर, रोटरिंगच्या पेनाने. नदीचं वळण, पूल, देऊळ, काठावरचं करंजाचं झाड, आणि वाळूत चौकटी आखून प्रत्येक चौकटीत जाडीचा आकडा, हातांत. खाली कोपऱ्यात माझं नाव. अर्जाला त्याची प्रत जोडून पाठवली. उत्तर आलं नाही. पंधरा ऑगस्टला शाळेत मुलांचं प्रदर्शन होतं, मी तो मूळ नकाशा मधल्या भिंतीवर लावला. लोकांना कळू दे, म्हटलं.

प्रमुख पाहुणे होते रस्त्यांची कामं घेणारे एक कंत्राटदार. शाळेला त्यांनी थंड पाण्याची मशीन दिली होती, स्टीलची, दोन नळांची, वर त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ म्हणून पाटी. माणूस लाघवी. मुलांशी गप्पा मारत मारत नकाशापाशी आले आणि तिथेच थांबले. बराच वेळ बघत होते.

"सर, आमच्या इंजिनिअरकडून असं काम होत नाही," ते म्हणाले. मी फुगलो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी.

"हे आकडे हातांत आहेत ना? हात म्हणजे फुटात किती?"

मी म्हटलं, नानांचा हात मी पट्टीने मोजून ठेवला आहे, दीड फुटाला अर्धा इंच जास्त.

"मग फुटात लिहा ना. पोरांना पटकन समजेल."

मी खिशातला लाल पेन काढला आणि तिथेच उभा राहून प्रत्येक चौकटीत फूट लिहिले. पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होता, तर त्यांनी स्वतःच्या हाताने कोपरा धरून ठेवला. लिहून झाल्यावर मोबाइलवर फोटो काढला. नाना शेजारीच उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. मी ओळख करून दिली तसे पाहुणे वाकून त्यांच्या पाया पडले. नानांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीला मी धुळ्याला गेलो. सुट्टी संपवून परतताना बस पुलावर आली आणि खिडकीतून खाली बघितलं, तर वाकणावर दोन पोकलेन मशीनी आणि डंपरची रांग. भर दुपार होती. काही लपवाछपवी नव्हती, परवानगी होती म्हणे. मी बस थांबवायला लावली आणि दप्तर खांद्यावर असतानाच नदीत उतरलो. पहिली मशीन वाटेल तिथे उकरत नव्हती. माझ्या सातच्या चौकटीत उभी होती. दुसरी साडेपाचमध्ये. मला वाटलं, योगायोग असेल.

मशीनचा चालक परमुलखातला, वयस्कर, सभ्य माणूस होता. मी ओरडत गेलो तसं त्याने इंजिन बंद केलं. केबिनमध्ये त्याच्या समोर रबराने अडकवलेला एक कागद होता, लॅमिनेट केलेला. करंजाचं झाड मी लांबूनच ओळखलं.

"मालिक ने दिया है," तो म्हणाला. "बहुत बढ़िया नक्शा है मास्टरजी. लाल में फुट लिखा है, इसलिए हमको आसान पड़ता है."

 माझं अक्षर, माझे लाल आकडे, खाली माझं नाव. ते नाव वाचून त्याने माझ्याकडे पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. त्याला अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे येत होते.

नाना अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, लाल पेनासकट, काही न लपवता.  त्यांनी ऐकून घेतलं.

"फूट बरोबर लिखेल व्हतात का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग कागद वाचा त्यास्नी. मी सांगं व्हतं ना, कागद वाचतस."

आणि परत शेंगा फोडायला लागले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आयुष्यभर आनंदाने बाळगल्या असत्या. मी म्हटलं, नाना, मी खोली सोडतो. तर म्हणाले, "तुमी गयात ते लिंबूले पानी कोन टाकी?"

आम्ही पुन्हा अर्ज केले. एकदा जीप आली, पंचनामा झाला, मशीनी दोन दिवस पुलापलीकडे गेल्या आणि परत आल्या. एके दिवशी नानांनी घरातली खाट डोक्यावर घेतली, मशीनसमोर वाळूत टाकली आणि तिच्यावर आडवे झाले. चालकाने इंजिन बंद करून त्यांना चहा पाजला. मग मालकाची चार माणसं आली, "बाबा, ऊन लागेल" म्हणाली, आणि खाटेसकट त्यांना उचलून करंजाच्या सावलीत नेऊन ठेवलं. एकानेही त्यांना धक्का मारला नाही. गावातले लोक काठावर उभे होते, मीही होतो. इतक्या आदराने एखाद्या माणसाला त्याच्या नदीतून उचलताना मी कधी बघितलं नव्हतं.

फाल्गुनात गावची विहीर आटली. टँकर सुरू झाला.

आखाजीच्या सकाळी अक्का नवी घागर घेऊन आमच्याबरोबर निघाली. दर वर्षी ती माहेरी येई आणि ती घागर तीच धरी. नानांनी खांद्यावर फावडं घेतलं, कमरेला गेरूचा खडा. काठावरून खाली बघितलं तर नदी नव्हती. खड्डेच खड्डे, मधे काळे खडक उघडे पडलेले, कुठे चिखल वाळून तडकलेला. आम्ही उतरलो. देवळाच्या पायऱ्यांवरून अंदाज घेत नाना चालत राहिले आणि एका जागी थांबले.

"आठेच व्हता झिरा," ते म्हणाले.

पण त्यांनी खाली पाहिलं नाही, वर पाहिलं. मला कळायला क्षणभर लागला. ज्या वाळूत ते जन्मभर झिरा खणत आले ती आमच्या डोक्यापेक्षा उंच होती, आणि आता तिथे नुसती हवा होती. झिऱ्याची जागा वर राहिली होती आणि आम्ही तिच्याखाली, नदीच्या हाडांवर उभे होतो. अक्काने घागर छातीशी धरली आणि तोंडाला पदर लावला. नानांनी तरीसुद्धा फावडं मारलं. टणकन वाजलं. आणखी दोन ठिकाणी मारून बघितलं. मग फावडं टेकवून उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, "शाळानी किल्ली शे का तुमनाकडे?"

उन्हाळ्याची सुट्टी होती. मी कुलूप काढलं. व्हरांड्यात ती स्टीलची मशीन चमकत होती, तिला बोअरचं पाणी जोडलेलं होतं. मी बटण दाबलं, ती घरघरायला लागली. नानांनी अक्काच्या हातातली घागर घेऊन नळाखाली धरली. मग थांबले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि वरच्या पाटीवर टाकला, नाव झाकेल असा.

"आबाले वाचता येस नही," ते मला म्हणाले. "पन कोनी सांगी दिधं ते?"

घागर भरली. थंडीने तिच्यावर बाहेरून घाम आला. घरी आणून देवासमोर ठेवली, अक्काने वर बाजारातलं डांगर आणि सांजोरी मांडली. नाना हात जोडून बसले, मी दारात उभा होतो.

"आबा," ते म्हणाले, "यंदा पानी शाळामधलं शे. चव येगळी लागी. पन थुकू नका."

मला तिथे उभं राहवेना. मी माझ्या खोलीत गेलो आणि दार ओढून त्या रेघांकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने नाना आले. गेरूचा खडा त्यांच्या हातात होता. छातीवरची रेघ, मग तिच्या वरची भिंत, मग छत, असं बघत बघत त्यांची नजर वर गेली. पाणी लागलंच नव्हतं, तर रेघ कुठे ओढायची, हे बहुधा त्यांनाही सुचलं नसावं. खडा त्यांनी खिशात टाकला. माझी उडी त्या भिंतीवर नाही. पण ती माझीच आहे, हे इथे सांगून टाकतो, कारण त्यांनी त्यांची सांगितली होती.

माझी बदली जळगावला झाली. लग्न झालं, फ्लॅट घेतला. नानांकडे जाणं वर्षातून एकदोनदा, मग तेही कमी झालं. गेल्या थंडीत ते गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास दिला नाही. यंदा त्यांच्या नावाची पहिली घागर होती. आखाजीच्या चार दिवस आधी अक्काचा फोन आला. ती फोनवर माझ्याशी जरा शहरी मराठीत बोलते.

"सर, नाना सांगून गेलेत," ती म्हणाली. "मनी घागरमा पानी टाकू नका, वाळू टाका. पानी त्यामा आपोआप ई, असं म्हणे. काय करता, त्यांचं असंच होतं. पण सर, नदीत वाळू नाही. सगळीकडे विचारलं. तुमच्या जळगावात मिळेल का?"

मी मिळेल म्हणालो. मिळणारच होती. इकडे वाळूला काय तोटा, आमच्या गल्लीतच तीन इमारती उभ्या राहत आहेत.

संध्याकाळी पिशवी घेऊन समोरच्या साइटवर गेलो. गेटच्या आत ढीग होता. वॉचमन ओळखीचा, तो म्हणाला, न्या की सर, कुंडीत टाकायची ना. ही वाळू कुठली, विचारलं, तर त्याला माहीत नव्हतं, रात्रीत डंपर टाकून जातात म्हणाला. मी चप्पल काढली. इकडेतिकडे पाहिलं, आणि मग ठरवलं की कोण पाहतंय ते पाहायचं नाही. चिमूटभर जिभेवर ठेवली. करकरली, थोडी खारट लागली. पुन्हा एक चिमूट घेतली. तापीची असेल, पांझरेची असेल, आमची असेल, मला काहीसुद्धा कळलं नाही. वॉचमन माझ्याकडे बघत होता. मी पिशवी भरून घेतली.

आखाजीच्या सकाळी अक्काने ती माझ्या हातातून घेतली, फडक्यावर ओतली, त्यातले खडे निवडले आणि ओंजळीने घागरीत भरायला लागली. अर्धी भरल्यावर तिने मान वर केली.

"सर, आपलीच शे ना?"

मी हो म्हणालो.